साखरेच्या आकड्याला वय विचारा!

आमच्या वस्त्यांमध्ये गेल्या दहा-पंधरा वर्षांत एक नवा शब्द चांगलाच रुळला आहे. तो शब्द म्हणजे 'तीन महिन्यांची शुगर'. सोलापुरात बुधवार पेठेच्या मिलिंदनगरात जा, पूर्व भागातल्या विडी कामगारांच्या घरी जा, नाहीतर बंद पडलेल्या मिलच्या जुन्या चाळीत जा. दोन म्हातारी माणसे एकत्र बसली की एक दुसऱ्याला विचारतो, 'तुझी किती आली?' मग कुणाची सात, कुणाची आठ, कुणाची साडेनऊ. ज्याची सात तो पास आणि ज्याची आठ तो नापास. लॅबच्या कागदावरचा हा एक आकडा आमची माणसे कोर्टाच्या निकालासारखी खाली मान घालून ऐकून घेतात. निकालावर निदान अपील तरी असते. या आकड्यावर अपील करता येते, त्याची उलटतपासणी घेता येते, हे मात्र त्यांना कुणी सांगत नाही. आमच्या मते ही उलटतपासणी झालीच पाहिजे, आणि तिच्यातला पहिला प्रश्न असला पाहिजे माणसाच्या वयाचा.

मुळात हा आकडा काय आहे ते आधी समजून घेऊ. रक्तातील तांबड्या पेशींमध्ये हिमोग्लोबिन असते. रक्तात साखर फिरत असते, ती या हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटत जाते. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. त्या काळात रक्तात साखर जितकी जास्त, तितके जास्त हिमोग्लोबिन साखरेने माखते. एकूण हिमोग्लोबिनपैकी किती टक्के असे माखले आहे, त्याचा आकडा म्हणजे एचबीएवनसी. सात टक्के म्हणजे रक्तातील सरासरी साखर सुमारे १५४, आठ टक्के म्हणजे सुमारे १८३, नऊ म्हणजे २१२ असा हिशेब आहे. नावात तीन महिने असले तरी तिन्ही महिन्यांचे वजन सारखे नसते. जवळपास निम्मा आकडा शेवटच्या एका महिन्याचा असतो. सकाळी उपाशीपोटी काढलेली साखर म्हणजे त्या क्षणाचा फोटो. आदल्या रात्री जेवले नाही की फोटो छान येतो. एचबीएवनसीला असे फसवता येत नाही, म्हणून डॉक्टर मंडळी तिच्यावर विश्वास ठेवतात आणि ते योग्यच आहे. या तपासणीची निंदा करण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही.

ही तपासणी किती अलीकडची आहे याचा आमच्या वाचकांनी जरा विचार करावा. आमचा बाप मधुमेहाने पोखरला गेला. बाबासाहेबांना मधुमेह होता, रक्तदाब होता, मज्जातंतूंच्या दाहाने पाय रात्र रात्र ठणकत. मुंबईला डॉ. मालवणकरांकडे त्यांचे उपचार चालत आणि तिथेच डॉ. शारदा कबीर, म्हणजे पुढच्या माईसाहेब, काम करीत होत्या. त्या काळी मधुमेहावर लक्ष ठेवण्याचे साधन म्हणजे लघवीची परीक्षा आणि त्या त्या वेळेची रक्तातली साखर, एवढेच. हिमोग्लोबिनचा हा साखरेचा भाग हुइसमन आणि मेयरिंग या शास्त्रज्ञांनी वेगळा काढला तो १९५८ साली, महापरिनिर्वाणानंतर दोन वर्षांनी. मधुमेही माणसात तो वाढलेला असतो हे सॅम्युएल रहबर या इराणी डॉक्टरने १९६९ साली दाखवून दिले. म्हणजे तीन महिन्यांचा हिशेब मांडणारे हे साधन ज्या माणसाला सर्वांत जास्त उपयोगी पडले असते, त्याच्या नशिबी ते आले नाही. आज ते गल्लीतल्या लॅबमध्येही मिळते. मग ते नीट वाचता येणे ही आमची जबाबदारी ठरते.

आता मुद्द्याकडे येऊ. वय वाढले की हा आकडा आपोआप थोडा वर सरकतो, अगदी मधुमेह नसलेल्या माणसातही. २००८ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. फ्रॅमिंगहॅम या गावातील पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद आणि त्या देशाची राष्ट्रीय आरोग्य पाहणी, अशा दोन्हींतील मधुमेह नसलेल्या माणसांचे एचबीएवनसी त्यात तपासले गेले. दरवर्षी हा आकडा ०.०१० ते ०.०१४ इतका वाढत जातो असे दिसले. ऐकायला हे काहीच नाही. पण चाळिशीपासून सत्तरीपर्यंत तीस वर्षांचा गुणाकार करा, ०.३ ते ०.४ होतात. फ्रॅमिंगहॅमच्या नोंदीत चाळिशीच्या आतल्या निरोगी माणसांची वरची मर्यादा ६.० होती आणि सत्तरीपुढच्या निरोगी माणसांची ६.६. मधुमेहाचे निदान करण्यासाठी जगभर ६.५ ही रेषा आखलेली आहे, हे इथे लक्षात घ्या. विशेष म्हणजे उपाशीपोटीची आणि साखर पाजल्यानंतरची अशा दोन्ही साखरा हिशेबात धरून वजा केल्या, तरी वयाचा हा परिणाम शिल्लक राहिला. याचे नेमके कारण शास्त्रज्ञांनाही एका शब्दात सांगता आलेले नाही.

ज्याला मधुमेह आहेच, त्याच्यात वयाचा हा वाटा असतोच आणि त्यावर आजाराचाही वाटा चढतो. स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी वर्षागणिक थकत जातात. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडच्या मोठ्या मधुमेह अभ्यासात हेच दिसले होते: औषध जोरात दिलेल्या गटातही आणि साध्या उपचारांच्या गटातही काही वर्षांनी आकडा पुन्हा चढू लागला. वयाबरोबर दंड-मांड्यांचे मांस झडते आणि साखर खर्च करणारे मोठे कोठारच लहान होते. गुडघे धरतात, चालणे सुटते. उपाशीपोटीची साखर वयाने फारशी वाढत नाही, जेवणानंतरची मात्र वाढते. म्हणून सकाळची साखर १२० आणि एचबीएवनसी ८ असा कागद हातात पडला की घरातली सून म्हणते, 'आत्याबाई, तुम्ही चोरून गोड खाता.' बिचारी म्हातारी शपथा घेते. तिने गोड खाल्लेले नसते. दुपारी दोन भाकरी खाल्ल्या की तिची साखर अडीचशेवर जाते, आणि दुपारी तपासायला कुणी जात नाही. ज्वारीची भाकरी हे आमचे सोलापुरी अन्न, त्याचा आम्हालाही अभिमान आहे. पण 'भाकरीने शुगर वाढत नाही' हे जे सर्रास सांगितले जाते ते खरे नाही. ज्वारीतही पिष्ट आहे. कडक भाकरी दुधात कुस्करून चार खाल्ल्या तर साखर चढणारच.

तेव्हा सत्तर वर्षांच्या आजीची साडेसात आणि पस्तीस वर्षांच्या नातवाची साडेसात या दोन एकसारख्या गोष्टी नाहीत. नातवापुढे चाळीस वर्षे आयुष्य आहे. त्याचे डोळे, किडनी, पाय एवढा काळ टिकायचे आहेत, त्याने साडेसातवर समाधान मानू नये. आजीचा हिशेब वेगळा आहे. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनसारखी संस्थासुद्धा आता वृद्धांसाठी एकच एक रेषा सांगत नाही. धडधाकट वृद्धाला सात ते साडेसातच्या आत, दोन-चार आजार असलेल्या वृद्धाला आठच्या आत, आणि जो अंथरुणाला खिळलेला आहे, ज्याची स्मृती गेली आहे, त्याच्या बाबतीत या आकड्यावर विसंबूच नका, साखर फार खाली जाऊ देऊ नका आणि फार वरही जाऊ देऊ नका, असा त्यांचा सल्ला आहे. हा सल्ला इंग्रजी पुस्तकात आहे. आमच्या आजीच्या कागदावर मात्र छापील ओळ असते, 'सातपेक्षा कमी: उत्तम नियंत्रण'. त्या छापील ओळीला आजीचे वय माहीत नसते.

हा केवळ तांत्रिक वाद आहे, असे कुणी समजू नये. सातच्या खाली आणायचेच या हट्टाने माणसे मरतात. २००८ सालचीच गोष्ट आहे. अमेरिका आणि कॅनडात ॲकॉर्ड नावाची एक चाचणी चालू होती. १०,२५१ मधुमेही, सरासरी वय ६२, हृदयविकाराचा धोका असलेले. अर्ध्यांची साखर सहाच्या खाली आणण्याचा जोरदार प्रयत्न केला. साडेतीन वर्षांत त्या गटात २५७ मृत्यू झाले, सौम्य उपचारांच्या गटात २०३. चाचणीचा तो भाग मुदतीआधी थांबवावा लागला. एवढी मोठी देखरेख, एवढे डॉक्टर, एवढा पैसा असताना ही गत. आमच्या वस्तीत ज्या म्हातारीला दोन महिन्यांनी एकदा डॉक्टर दिसतो, तिच्यावर हा प्रयोग कुणाच्या भरवशावर चालतो?

कारण साखर खाली गेली तर ते तिला ओळखता येत नाही. तरुण माणसाला घाम फुटतो, हात थरथरतात, भूक लागते. म्हाताऱ्या माणसाला नुसते गरगरते, तो असंबद्ध बोलतो, अंधारात उठताना पडतो आणि खुब्याचे हाड मोडते. घरचे म्हणतात, म्हातारपणाने भ्रम झाला. कुणी म्हणते, रात्री घेऊन आला असेल. आणि आमच्यातही अजून काही घरे अशी आहेत की जिथे 'बाहेरचे काहीतरी' म्हणून लिंबू-मिरची उतरवली जाते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे चालते हे लिहिताना आम्हाला लाज वाटते. त्या वेळी तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजली असती, तर माणूस दहा-पंधरा मिनिटांत शुद्धीवर आला असता. त्यातही ग्लिबेनक्लेमाइड नावाची जुनी, स्वस्त गोळी आहे. तिचा अंमल लांबतो, आणि वयाने मंदावलेल्या किडनीतून ती लवकर बाहेर पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्पष्ट नोंद केली आहे की ही गोळी साठीपुढच्या माणसाला योग्य नाही. ग्लिमेपिराइडनेही साखर खाली जाऊ शकते. ज्यांच्या घरात या गोळ्या आहेत त्यांनी आजच पाकीट काढून नाव वाचावे आणि डॉक्टरांना विचारावे. आपल्या मनाने एकही गोळी बंद करू नये, हेही त्याच दमात सांगतो. 'पेपरात आले होते' म्हणून औषध सोडल्याचे पाप या दैनिकाच्या माथी नको.

वयाखेरीज या आकड्याला आणखी एक गोष्ट हलवते, आणि ती आमच्या समाजाच्या दृष्टीने वयाइतकीच मोठी आहे. ती म्हणजे अंगात रक्त कमी असणे. लोहाच्या कमतरतेने होणाऱ्या रक्तक्षयात एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकते. उलट मूळव्याधीने रक्त जात असेल, नुकतेच रक्त भरले असेल, किडनी निकामी होऊन रक्तवाढीची इंजेक्शने चालू असतील, तर अंगात तांबड्या पेशी ताज्या असतात आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. याच बायका पुढे साठीच्या होतात. आयुष्यभर सगळ्यांच्या शेवटी जेवलेली बाई साठीला मधुमेही म्हणून डॉक्टरपुढे बसते, तेव्हा तिच्या आकड्यात साखर किती, वय किती आणि उपासमार किती, हे वेगळे करण्यासाठी साधी हिमोग्लोबिनची तपासणी तरी सोबत हवी की नको? आमच्या पाहण्यातल्या बहुतेक कागदांवर ती नसते.

विदर्भातल्या आमच्या बांधवांसाठी इथे थोडे थांबावे लागेल. सिकलसेल हा तिकडच्या घराघरांतला शब्द. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ सालीच महार समाजात सिकलसेलचे वाहक मोठ्या संख्येने असल्याचे दाखवून दिले होते. हा काही जातीचा रोग नाही. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथल्या माणसांत तो टिकला. आदिवासींत आहे, इतर मागासवर्गीयांत आहे, आफ्रिकेत आहे. पण ज्याला सिकलसेलचा आजार आहे, त्याच्या तांबड्या पेशी १२० दिवस जगतच नाहीत. त्याच्या बाबतीत एचबीएवनसी निरुपयोगी आहे. नुसते वाहक असणाऱ्यातही तेवढ्याच साखरेला आकडा सुमारे ०.३ ने कमी येतो असे अमेरिकेतील काळ्या लोकांच्या २०१७ सालच्या अभ्यासात दिसले. म्हणजे वय आकडा वर ढकलते आणि सिकलसेल खाली ओढतो. नागपूर-भंडाऱ्याकडचा एखादा साठीचा वाहक सहाच्या आकड्यावर 'शुगर नाही' म्हणून आनंदाने घरी जातो आणि दोन वर्षांनी पायाची जखम घेऊन येतो, असे होऊ शकते. त्याच्यासाठी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर हाच खरा आधार.

आता नाण्याची दुसरी बाजू. वयाने आकडा वाढतो, हे वाक्य आमच्या विरोधातही वापरले जाते, आणि तेच आम्हाला जास्त टोचते. सरकारी दवाखान्याच्या रांगेत तीन तास उभे राहून आजी आत जाते, कागद पुढे करते, आणि समोरचा मान वर न करता म्हणतो, 'वय झालं आता, चालायचंच.' संपली तपासणी. वयाचा वाटा किती, तर तीस वर्षांत ०.३ ते ०.४. ज्या आजीचा आकडा साडेदहा आहे तो वयाने आलेला नाही. तो औषध न परवडल्याने आला असेल. चुकीच्या औषधाने, खराब झालेल्या इन्सुलिननेही येऊ शकतो. सोलापूरचा उन्हाळा आणि पत्र्याचे घर यांचा संबंध ज्याला कळत नाही, त्याने इन्सुलिनची चिठ्ठी लिहू नये असे आमचे मत आहे. मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेली बाटली नासते. म्हातारी इमानेइतबारे टोचून घेते आणि आकडा चढतच जातो. घरात फ्रीज नसेल तर ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात ती ठेवता येते, हे सांगायला किती वेळ लागतो? तेव्हा 'वय झालं' हे उत्तर आम्हाला मान्य नाही. म्हाताऱ्याच्या आकड्यात वय धरा म्हणणे वेगळे आणि म्हाताऱ्याला हिशेबातून वगळणे वेगळे.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला ही कथा नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर एकही म्हातारा, एकही रोगी पाहिला नसेल हे बुद्धीला पटत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. आमच्या आरोग्य खात्याकडे पाहिले की मात्र वाटते, या खात्याने खरोखरच अजून म्हातारा माणूस पाहिलेला नाही.

मधुमेह हा श्रीमंतांचा आजार, हा जुना समज आता टिकत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्याच पाहणीच्या २०१७ सालच्या अहवालात दिसले की सुबत्ता असलेल्या राज्यांच्या शहरांत मधुमेह श्रीमंतांकडून गरिबांकडे सरकला आहे. यामागे आणखी एक जुना हिशेब असू शकतो. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमार झाली. त्या वेळी जी मुले आईच्या पोटात होती ती पन्नाशीला आली तेव्हा त्यांच्या रक्तात साखर जास्त सापडली. हा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आपल्याकडच्या कमी वजनाच्या बाळांबद्दल आणि त्यांच्या पुढच्या मधुमेहाबद्दल वर्षानुवर्षे हेच सांगत आले आहेत. आता १९७२ चा दुष्काळ आठवा. सोलापूर जिल्हा होरपळत होता, आमच्या आया पोटुशी असताना खडी फोडत होत्या, मिलो ज्वारी आणि सुकडीवर दिवस काढत होत्या. त्या पोटातली मुले आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. ती आता लॅबच्या रांगेत उभी आहेत. त्यांच्या आकड्यात तो दुष्काळही असेल, असे आम्हाला वाटते.

वकिलीच्या धंद्यात असल्यामुळे 'कायदा काय म्हणतो' हा प्रश्न आम्ही विचारणारच. संविधानाचे कलम ४१ वृद्धापकाळ आणि आजारपणात राज्याने मदत करावी असे सांगते, कलम ४७ सार्वजनिक आरोग्य हे राज्याचे कर्तव्य ठरवते. ही निर्देशक तत्त्वे आहेत, कोर्टात बजावता येत नाहीत, असे आम्हाला लगेच ऐकवले जाईल. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे: कोर्टात नाही तरी मतदारांपुढे सरकारला याचा जाब द्यावाच लागेल. पण सगळेच काही तत्त्वांवर सोडलेले नाही. २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणाचा कायदा झाला. मुलाने आईबापाला पोटगी द्यावी एवढाच हा कायदा, असे लोकांना वाटते. त्याचे कलम २० फार थोड्यांनी वाचले आहे. त्यात राज्य सरकारवर जबाबदाऱ्या टाकल्या आहेत. ज्येष्ठांसाठी वेगळी रांग, दीर्घ आजारांच्या उपचारांची सोय वाढवणे, वृद्धांच्या जुनाट आजारांवर आणि वार्धक्यावर संशोधन वाढवणे, आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी राखीव सुविधा, तीही वृद्धोपचाराचा अनुभव असलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हाताखाली. एवढे सगळे छापील कायद्यात आहे. वयानुसार साखरेचा आकडा वाचणे हे याच वृद्धोपचाराचे रोजचे काम आहे. वेगळ्या रांगेची पाटी लावणे सोपे असते, अनुभवी डॉक्टर बसवणे अवघड असते.

आणि योजना? २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचा हक्क मिळाला. चांगली गोष्ट आहे, आमच्या लोकांनी ते कार्ड जरूर काढावे. पण ही योजना रुग्णालयात दाखल झाल्यावर लागू होते. महिन्याच्या गोळ्या, तीन महिन्यांची तपासणी, दारात डॉक्टरला दाखवणे यात बसत नाही. म्हणजे आजीचा सडलेला पाय कापायचा असेल तर सरकार पैसे देईल, पाय सडू नये म्हणून करायच्या तपासणीचे पैसे तिने पदराच्या गाठीतून द्यायचे! महाराष्ट्र सरकारने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार आणि तपासण्या मोफत केल्या. पण ज्याला आम्ही पिढ्यान्‌पिढ्या 'सिव्हिल' म्हणतो, ते सोलापूरचे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय डॉ. वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभागाचे, आणि त्या निर्णयात वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालये नव्हती. कोणत्या खात्याचा दरवाजा कोणता हे म्हाताऱ्या माणसाने कसे ओळखायचे?

खासगी लॅबच्या बाबतीत तर आनंदीआनंद. १२ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की पॅथॉलॉजीच्या अहवालावर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. तुमच्या घरातला शेवटचा कागद काढून पाहा. सही आहे की नुसता शिक्का? नाव वाचता येते का? तपासणी कोणत्या पद्धतीने केली ते लिहिले आहे का? दोन लॅबच्या आकड्यांत थोडा फरक पडतोच, एकीकडे ६.९ आणि दुसरीकडे ७.२ आले म्हणून गोळी वाढवणारा आणि वाढवून घेणारा, दोघेही घाई करतात. शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासा, जुना कागद फेकू नका. एका आकड्यापेक्षा सलग चार आकडे कोणत्या दिशेने चालले आहेत त्याला जास्त अर्थ असतो.

सरकारला शिव्या देऊन आमचे काम संपत नाही. १४ एप्रिलला सोलापुरात मंडळे निघतात, डीजेच्या भिंती उभ्या राहतात, त्या आवाजाने हृदयरोग्यांच्या खिडक्या थरथरतात. त्याच जयंतीला आरोग्य शिबिरेही होतात हे आम्ही नाकारत नाही. पण ती शिबिरे कशी असतात? मांडवात रांग लागते, बोटाला सुई टोचतात, यंत्र आकडा दाखवते, 'तुमची शुगर २४० आहे' असे सांगून माणसाला भर उन्हात घरी पाठवतात. सकाळपासून त्याने जयंतीचे दोन लाडू आणि तीन कप चहा घेतलेला असतो. पुढे त्याचे काय झाले ते मंडळाला ठाऊक नसते. फोटो मात्र आमच्याकडे छापायला येतो.

यापेक्षा चांगली सोय आमच्या वर्षाच्या चक्रातच आहे. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, अश्विन पौर्णिमेला संपतो. तीन महिने विहारा-विहारांत ग्रंथवाचन चालते आणि समोर बसणारे बहुतेक श्रोते साठीच्या पुढचेच असतात. एचबीएवनसीलाही तेवढाच काळ लागतो. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यातून एका विहाराच्या सगळ्या वृद्धांची ही तपासणी होऊ शकते. आषाढी पौर्णिमेच्या आठवड्यात एकदा, अश्विन पौर्णिमेच्या आठवड्यात दुसऱ्यांदा, दोन्ही वेळा एकाच लॅबकडून आणि दोन्ही वेळा हिमोग्लोबिन आणि किडनीच्या तपासणीसह. एका वहीत नाव, वय, चालू गोळ्यांची नावे, गेल्या तीन महिन्यांत गरगरून पडले का, आणि मग आकडा, याच क्रमाने लिहायचे. समाजात आता डॉक्टर मुलेमुली कमी नाहीत. वाचनाच्या शेवटी अर्धा तास त्यांनी त्या वहीसमोर बसावे.

तोवर आमच्या तरुण वकिलांनी आणि कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात एक साधा अर्ज जिल्हा शल्यचिकित्सकांकडे आणि एक सिव्हिलच्या अधिष्ठात्यांकडे टाकावा. त्यात तीनच प्रश्न असू द्या. २००७ च्या कायद्याच्या कलम २० प्रमाणे वृद्धांसाठी राखीव सुविधा कोणत्या खोलीत आहे? तिचे प्रमुख कोण आणि त्यांचा वृद्धोपचाराचा अनुभव किती वर्षांचा? साठीपुढच्या मधुमेहींना एचबीएवनसी मोफत मिळते का, आणि गेल्या वर्षी किती जणांची केली? अर्जाची फी दहा रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तीही लागत नाही. उत्तर द्यायला कायद्याने तीस दिवस आहेत. आलेली उत्तरे आमच्याकडे पाठवा, जशीच्या तशी छापू.